'उबदार' रंगाने घर तापत नाही

गावच्या ग्रुपवर आठवडाभरापासून एक मेसेज फिरतो आहे : बदामी, क्रीम, बिस्किटी हे उबदार रंग, ते सगळ्या घरात लावले की उन्हाळ्यात घराची भट्टी होते. हे चूक आहे. एका घरी तर आणलेले डबे परत करायची बोलणी ऐकली, म्हणून लिहितो.

उबदार हे नाव डोळ्यांपुरतं आहे. त्या रंगात पिवळी-तांबूस झाक असते, एवढाच अर्थ. भिंत तापते ती ऊन शोषल्याने, आणि फिका क्रीम बराचसा उजेड परत फेकतो. गडद निळा 'थंड' म्हणवतो खरा, पण पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून लावला तर क्रीमपेक्षा जास्तच तापेल. आतल्या भिंतींना तर थेट ऊन फारसं लागतच नाही.

अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा घर मुख्यतः वरून तापतं. टिनाला, स्लॅबला पांढरा चुना मारा. दुपारी आतून हात लावला की फरक कळतो. आपल्या आज्यांचा पांढऱ्या मातीचा पोताराही वाळल्यावर दुधाच्या सायीसारखाच दिसायचा. त्याने कोणाचं घर तापलं?

काळजी घ्यायची ती वेगळीच. तोच क्रीम उत्तरेच्या खोलीत मळकट आणि पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी पिवळाजर्द दिसतो. म्हणून आधी प्रत्येक खोलीत दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून बघा. चुलीच्या खोलीत मात्र चुनाच बरा. धुराने काळवंडला की पुन्हा देता येतो.