‘१०० कंपन्या, ७१ टक्के’ आणि मेंढा-लेखाचा बांबू

“जगातलं ७१ टक्के प्रदूषण १०० कंपन्या करतात. लोकांना पर्यावरण शिकवणं ही निव्वळ धूळफेक आहे. शिकून माणूस करणार काय, तर पंखा बंद!” हा मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला, म्हणून हे उत्तर.

आधी आकडा. तो २०१७ च्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालातला. सगळ्या प्रदूषणाचा नव्हे, १९८८ पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंचा. यादी आहे कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्यांची, आणि त्यांच्या नावावरचं सुमारे ९० टक्के उत्सर्जन माल विकल्यानंतर, तो जळताना होतं. वीजकेंद्रात, कारखान्यात, माझ्या स्कूटरमध्येही. यादीत कोल इंडिया आहे. ती सरकारी. म्हणजे तिला जाब विचारायचा तरी नागरिकांनीच.

धूळफेकीचा आरोप मात्र अर्धा मान्य. ‘कार्बन फूटप्रिंट’ (एका माणसामुळे किती कार्बन हवेत जातो, त्याचा हिशेब) हा शब्द घरोघरी नेला तो बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. आणि आपल्याकडे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिकवायला सांगितलं, त्याचं आपण काय केलं? बारावीचा प्रकल्प म्हणजे ताईची जुनी वही, वर नवं कव्हर. (आमच्या घरी तरी तसंच झालं.)

पण म्हणून ‘शिकून माणूस फक्त पंखा बंद करतो’ हे खरं ठरत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव बघा. तिथे गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाचे अभ्यासगट चालले. ना परीक्षा, ना प्रमाणपत्र. लोक एकत्र बसायचे, जंगल, कायदा, हिशेब असा एकेक विषय घ्यायचे, तज्ज्ञांना बोलवायचे, वाद घालायचे. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने, बहुमताने नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला. तरी बांबू अडलाच, कारण वनखातं त्याला लाकूड म्हणत होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या आणि गावाला विकता येणाऱ्या मालात आहे, हे गावाला ठाऊक होतं, म्हणून गाव हटलं नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू बाहेर नेण्याच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पंख्याच्या बटणापासून हे बरंच लांब आहे.

आता राहिल्या कंपन्या. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्याच्या २००६ च्या सरकारी अधिसूचनेनुसार मोठी खाण किंवा मोठा कारखाना येण्याआधी बहुतेक वेळा जनसुनावणी होते. निदान ३० दिवस आधी नोटीस लागते, आणि त्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. गावकऱ्याने तो वाचून ‘उन्हाळ्यात पाणी कुठून उचलणार?’ एवढं विचारलं, तरी प्रश्न इतिवृत्तात चढतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. मेसेज लिहिणारा ज्याला धूळफेक म्हणतो, ते शिकणं हे.