तीन महिन्यांत सीआयएसएसपी? फी भरण्याआधी हे वाचा

"तीन महिन्यांत सीआयएसएसपी. पदवी नको, अनुभव नको, नेटवर्किंग शिकायची गरज नाही. परीक्षेतले प्रश्न आधीच मिळतील. सराव सोसायटीच्या वायफायवर. सर्टिफिकेट आयुष्यभराचं. ऐरोली-महाप्याच्या आयटी पार्कात लाखाची नोकरी पक्की."

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सायबर सुरक्षेच्या एका क्लासचा हा मेसेज फिरतोय. भाचीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, फी भरू का? शुक्रवारपर्यंतच सवलत आहे." म्हणून हे उत्तर; तिच्यासाठी, आणि या फीसाठी एफडी मोडायला निघालेल्या आईवडिलांसाठीही.

आधी सीआयएसएसपी. हे सायबर सुरक्षेतल्या अनुभवी लोकांसाठीचं प्रमाणपत्र. त्याची परीक्षा घेते आयएससीटू ही संस्था, आणि तिचा नियम तिच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. आठ विषयांपैकी किमान दोन विषयांत मिळून पाच वर्षांचा पगारी अनुभव लागतो. संगणक, आयटी किंवा संबंधित विषयातली पदवी किंवा संस्थेच्या यादीतलं दुसरं प्रमाणपत्र असेल तर एक वर्ष माफ. दोन्ही असली तरी एकच. अनुभव नसताना परीक्षेला बसता येतं, पासही होता येतं. पण मग हाती येतं ते 'असोसिएट' हे नाव आणि अनुभव पुरा करायला सहा वर्षांची मुदत. तोवर रेझ्युमेवर सीआयएसएसपी लिहिता येत नाही. अनुभव भरल्यावरही आधीच्या एखाद्या प्रमाणपत्रधारकाने, किंवा तसा कोणी नसेल तर संस्थेने, तो पाहून दुजोरा द्यावा लागतो. परीक्षेची फी ७४९ डॉलर आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखच नाही. अनुभवाच्या या एका नियमावरच अर्धा मेसेज निकालात निघतो.

'पदवी नको' हे मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करायला हवं. सिक्युरिटी प्लससारख्या, म्हणजे कॉम्पटिया या संस्थेच्या नवख्यांसाठीच्या परीक्षेला पदवीची अट नाही, आणि बीकॉम झालेली मुलंही या क्षेत्रात काम करतात. एचआरवाले रेझ्युमे चाळताना प्रमाणपत्राचं नाव शोधतात, हेही खरं. पण ते नाव फक्त मुलाखतीच्या दारापर्यंत नेतं.

आता सगळ्यात घातक दावा: 'प्रश्न आधीच मिळतील'. याला बाजारात डम्प म्हणतात. सिक्युरिटी प्लसच्या सध्याच्या परीक्षेत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि पास व्हायला १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७५० गुण लागतात. त्यात काही प्रश्न करून दाखवायचे असतात: फायरवॉलचे नियम लावा, लॉग, म्हणजे मशीनवरच्या घडामोडींची नोंदवही, वाचून बाधित मशीन ओळखा. पाठ केलेलं 'ब' किंवा 'क' तिथे उपयोगी पडत नाही. डम्पमधली कितीतरी उत्तरं चुकीचीही असतात. आणि परीक्षेआधी ज्या करारावर तुम्ही संमती देता, त्यात असे प्रश्न वापरायला मनाई आहे. पकडले गेलात तर निकाल रद्द होतो, मिळालेलं प्रमाणपत्र काढून घेतलं जातं, पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते. क्लासचं यात काहीच जात नाही. नाव तुमचं जातं.

समजा, नाही पकडले गेलात. नवख्यांना पहिली नोकरी मिळते ती बहुतेक सॉकमध्ये, म्हणजे चोवीस तास अलर्ट पाहणाऱ्या विभागात, शिफ्टमध्ये. तिथल्या मुलाखतीत असा प्रश्न येतो: एका विंडोज सर्व्हरवर दहा मिनिटांत ४६२५ हा इव्हेंट, म्हणजे लॉगमधली त्या क्रमांकाची नोंद, दोनशे वेळा दिसला आणि मग एकदा ४६२४. काय कराल? ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४६२४ म्हणजे झालेलं. एवढं डम्पवालाही सांगेल. पुढे विचारतात की हे रिमोट डेस्कटॉपवरून झालं असेल, तर फसलेल्या लॉगिनचा प्रकार १० (रिमोट डेस्कटॉप) न दिसता ३ (नेटवर्क) का दिसतो? कारण नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असेल, तर डेस्कटॉपचं सत्र सुरू होण्याआधीच ओळख नेटवर्कवरून तपासली जाते. नेटवर्किंग न शिकता हे कसं कळणार? त्यानंतर आयपी कुठला, खातं कोणाचं, ४७२० म्हणजे नवं खातं उघडलं का, ११०२ म्हणजे लॉग पुसला का, हे पाहून मशीन वेगळं काढायचं आणि वेळेसह नोंद करून वरिष्ठांना कळवायचं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. खुर्चीवरच्या माणसाला लॉग वाचता आला नाही, तर ते सहा तास तिथेच संपतात.

'आयुष्यभराचं' हेही खोटं. सिक्युरिटी प्लस तीन वर्षं चालतं, सीआयएसएसपीला तीन वर्षांत १२० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं आणि वार्षिक फी वेगळी.

सोसायटीच्या वायफायवर सराव? परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागू शकते, आणि हेतू अप्रामाणिक किंवा लबाडीचा ठरला तर कलम ६६ खाली तो गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विशीतल्या पोरांना हे शिकवणाऱ्याला जाब विचारायला हवा.

सराव घरीच होतो. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एकाच लॅपटॉपवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, घ्या. एका मशीनवर वाझू, म्हणजे लॉग गोळा करून अलर्ट देणारं सॉफ्टवेअर, टाका, त्याला ८ जीबी द्या. दुसऱ्यावर विंडोजची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती, तिच्यात सिस्मॉन, म्हणजे विंडोजमधल्या हालचालींची बारीक नोंद ठेवणारं साधन, आणि वाझूचा एजंट, म्हणजे नोंदी वाझूकडे पाठवणारा छोटा प्रोग्राम. नेटवर्क ब्रिज्ड, म्हणजे घरच्या नेटवर्कला थेट जोडलेलं, ठेवू नका, नाहीतर सरावाचं कच्चं मशीन घरातल्या सगळ्या उपकरणांना उघडं पडतं. पहिल्या दिवशी सिस्मॉनच्या नोंदी दिसणारच नाहीत, कारण वाझूचा एजंट तो लॉग आपणहून उचलत नाही. एजंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या चॅनलचं नाव घालून एजंट पुन्हा सुरू करावा लागतो. ४६८८ ही प्रोसेसची नोंदही विंडोजमध्ये मुळात बंद असते, ऑडिट पॉलिसीतून चालू करा. दोन्ही मशीनची घड्याळं जुळत नसतील तर घटनांचा क्रम लागत नाही, ते आधी पाहा. मग स्वतःच्याच मशीनवर वीस वेळा चुकीचा पासवर्ड टाका आणि ४६२५ शोधा.

भाचीसाठी: शुक्रवारी पैसे भरू नकोस. क्लासला ईमेलवर तीन गोष्टी विचार. परीक्षेचं व्हाउचर, म्हणजे परीक्षेची आगाऊ भरलेली फी, क्लासच्या फीत आहे का? सीईएच, म्हणजे ईसी-कौन्सिल या संस्थेचं एथिकल हॅकिंगचं प्रमाणपत्र, शिकवत असाल तर तुम्ही त्या संस्थेचं अधिकृत केंद्र आहात का? कारण नसाल तर परीक्षेला बसायला मला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागेल. आणि 'नोकरी पक्की' हे पावतीवर लिहून द्याल का? उत्तरं आली की मला पाठव.