'जीपोस्ट' कुठून आले? निपाणीच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

'रिक्वेस्ट स्मगलिंग हा २००५ सालचा जुना दोष आहे. आमच्या पतसंस्थेच्या संकेतस्थळाला एचटीटीपीएस आहे, पुढे प्रॉक्सी आहे. मग लहान संस्थांना उगाच का घाबरवता?' असे आपण माझ्या लेखावर निपाणीहून विचारले आहे. (रिक्वेस्ट स्मगलिंग म्हणजे एका विनंतीच्या पोटात दुसरी लपवून सर्व्हरकडे धाडणे; प्रॉक्सी म्हणजे मुख्य सर्व्हरच्या पुढे बसून विनंत्या घेणारा मध्यस्थ सर्व्हर.)

पुढे प्रॉक्सी आहे, म्हणूनच हा प्रश्न उद्भवतो. एचटीटीपीएस वाटेतल्या चोरापासून राखते. इथे हल्लेखोर रीतसर दारातूनच येतो. विनंतीचा मजकूर कुठे संपतो हे सांगण्याच्या एचटीटीपी १.१ मध्ये (ब्राउझर व सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांत) दोन रीती आहेत : 'कंटेंट-लेंथ' बाइटांची संख्या सांगते, तर 'ट्रान्सफर-एन्कोडिंग : चंक्ड' असेल तेव्हा मजकूर तुकड्यांनी येतो आणि शून्य लांबीचा तुकडा आला की संपतो. समजा, एकाच विनंतीत ही दोन्ही शीर्षके (हेडर) घातली, लांबी ६ सांगितली आणि मजकुरात शून्य, दोन ओळबदल (प्रत्येकी दोन बाइट) व शेवटी इंग्रजी 'जी' ठेवला. लांबी मोजणारी प्रॉक्सी सहाही बाइट पुढे धाडते, पण तुकडे मोजणारा मागचा सर्व्हर पाचव्या बाइटवरच थांबतो आणि तो 'जी' प्रॉक्सी व सर्व्हर यांच्यातल्या सामायिक जोडणीत पडून राहतो. त्याच जोडणीवरून दुसऱ्या कुणाची 'पोस्ट' विनंती आली की सर्व्हर ती 'जीपोस्ट' अशी वाचतो. खानापूरकडच्या एका संस्थेच्या परवानगीने तिची चाचणी प्रत तपासताना मी दुसऱ्या खिडकीतून साधे लॉगिन केले, तेव्हा लॉगमध्ये नेमका हाच शब्द उमटला होता. 'जी'च्या जागी अख्खी विनंती पेरली, तर खातेदाराची सेशन कुकी (लॉगिन टिकवणारी ओळखखूण) हल्लेखोराला वाचता येईल अशा जागी जाऊन पडू शकते. आणि आपल्याकडे त्या खात्यात वर्षाचे उसाचे बिल असते.

दोष जुना आहे, हे खरे. पण २०१९ मध्ये सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी तो मोठमोठ्या संकेतस्थळांवर पुन्हा दाखवला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एएसपी डॉट नेट कोअर या आपल्याच वेब-प्रणालीच्या केस्ट्रेल सर्व्हरमधील अशाच दोषाला मायक्रोसॉफ्टने तीव्रतेचे १० पैकी ९.९ गुण दिले.

एचटीटीपी २ ही नवी आवृत्ती घेतली की काळजी मिटते, या माझ्या विधानावरचा आपला आक्षेप मात्र योग्य आहे. प्रॉक्सी मागे १.१ मध्येच बोलत असेल तर धोका कायम राहतो. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

दोन्ही शीर्षके असलेली विनंती प्रॉक्सी ४०० (चुकीची विनंती) हा संकेत देऊन परतवते का आणि जोडणी तोडते का, एवढे आपल्या होस्टिंगवाल्यांना विचारावे. ही चाचणी चालू संकेतस्थळावर कृपया करू नये, कारण तिथे पडून राहिलेला 'जी' खऱ्या खातेदाराच्या विनंतीला चिकटतो.