जीएसएम वाढवून प्रिंट सुधारत नाही

‘इंकजेटवर प्रिंट फिकी येते? 75 ऐवजी 130 जीएसएमचा कागद घ्या, कागद जितका जाड तितके रंग उठावदार,’ असा सल्ला सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. शेपटाला आणखी दोन वाक्यं आहेत: ग्लॉसी कुठलाही चालतो, आणि प्रिंटरमधल्या कागदाच्या सेटिंगला हात लावायची गरज नाही.

पहिलं घेऊ. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस्स. 80 जीएसएमचा ए-फोर कागद साधारण 5 ग्रॅम भरतो, 500 कागदांची रिम अडीच किलो. शाई वरच राहील की तंतूंतून फुटेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. जाडीचा फायदा नाही असं नाही. पाठपोट छापलं तर मागची अक्षरं दिसत नाहीत, गडद चित्र छापताना कागद ओला होऊन फुगत नाही. पण रंग उठतो तो वरच्या लेपामुळे. इंकजेटसाठी लेप दिलेला 100 जीएसएमचा मॅट कागद 130 च्या साध्या बाँडपेक्षा केव्हाही सरस.

खरे पैसे बुडतात ते ‘कुठलाही ग्लॉसी’मध्ये. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात नुसतं ‘ग्लॉसी द्या’ म्हणालात, तर हातात आर्ट पेपरही पडू शकतो. तो छापखान्यातल्या ऑफसेट छपाईच्या घट्ट, तेलकट शाईसाठी असतो. इंकजेटची शाई बहुतांशी पाणी. तिला मुरायला जागाच मिळत नाही, ती थेंबाथेंबाने वर उभी राहते आणि बोट लागलं की फरफटते. लेझरच्या ग्लॉसीवरही हीच गत. आजकालच्या बहुतेक इंकजेट फोटो पेपरवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा सूक्ष्म छिद्रांचा थर असतो. तो पाणी झटकन ओढून घेतो आणि रंग वरच्या वर धरून ठेवतो. हा थर बहुधा एकाच बाजूला असतो. कोपऱ्याला ओलसर बोट टेकवा, चिकटेल ती छापायची बाजू. (हा कागद लेझर प्रिंटरमध्ये मात्र घालू नका. फ्यूझरच्या, म्हणजे आतल्या तापणाऱ्या रोलरच्या, उष्णतेने लेप वितळून आत चिकटला, तर दुरुस्ती महागात पडते.)

सेटिंगचं म्हणाल, तर तिथे निवडलेल्या कागदावरून प्रिंटर शाईचं प्रमाण ठरवतो. शिवाय बऱ्याच इंक टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आणि बाकीचे रंग डायचे (शाईत विरघळलेले) असतात. पिगमेंटची काळी शाई ग्लॉसीवर नीट बसत नाही, म्हणून ‘ग्लॉसी’ निवडलं की असा प्रिंटर सहसा रंगीत शाया मिसळून काळा रंग तयार करतो. सेटिंग ‘प्लेन’वरच ठेवलंत, तर फोटोतले काळे केस हाताला लागतात. मग शिव्या कागदाला!

पत्रं, नोट्स, अर्ज यांना 75 चा साधा कागद पुरतो. 200 च्या पुढचं काही घेणार असाल, तर आपला प्रिंटर किती जीएसएमपर्यंत ओढतो ते आधी मॅन्युअलमध्ये बघा. आणि पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, रिम उघडी टाकू नका. दमट कागदावर शाई फुटते आणि कोपरे वळून कागद अडकतो.