‘गाव सोडलं की डाएट सुटलं’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

सौंदत्तीची यल्लम्माची यात्रा जवळ आली, लग्नसराई सुरू झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरगुती ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो. प्रवासात फिट राहण्याचे ‘सोनेरी नियम’ म्हणे. सारांश असा: आपल्या भागात बाहेर धड खायला मिळत नाही, घरची भाकरी शिळी होते, म्हणून बिस्किटांवर भागवा, जमलं तर उपाशीच राहा. इडली-डोसा म्हणजे नुसता भात, तो वर्ज्य. पाणी बेतानं प्या. कुंदा-करदंटासारखी मिठाई आणि उसाचा रस मात्र ‘नैसर्गिक’, चालेल. आठवडाभर व्यायाम बुडाला की केलेली मेहनत गेली. आणि परत आल्यावर तीन दिवस लिंबूपाण्यावर राहून ‘शरीर धुऊन काढा’.

यातली एक ओळ मला मान्य आहे, ती आधीच सांगून टाकते. रात्रीच्या गाडीत चढण्याआधी तुडुंब जेवू नका, असंही त्यात कुठंतरी लिहिलंय. बरोबर आहे. भरल्या पोटी लगेच आडवं झालं की जळजळतं, झोपही लागत नाही. बाकीच्या ओळींबद्दल मात्र बोलावं लागेल, कारण लोक त्या खरंच पाळतात.

‘बाहेर धड खायला मिळत नाही.’ हे लिहिणाऱ्यानं धारवाड-हुबळीकडची खानावळ पाहिलेली नाही. बसा एकदा तिथं. ताटाच्या कडेला आधी शेंगाचटणी आणि गुरेळाची (कारळ्याची) चटणी पडते, त्यावर घट्ट दही. मग मटकीची नाहीतर हिरव्या मुगाची उसळ, भरल्या वांग्याचं एण्णेगाई, एखादी पालेभाजी. शेजारी चिरलेला कांदा, काकडी, गाजर आणि मेथीची कोवळी पानं, कच्चीच. तव्यावरची जोंधळ्याची भाकरी येते ती फुगलेली असते, वाफ निघून जाईपर्यंत बोट लावता येत नाही. भात मागितला तर शेवटी, सारासोबत.

कुठल्याही आहारतज्ज्ञाला दाखवा हे ताट, नाव ठेवायला जागा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू आणि तेवढीच प्रथिनं दिली आहेत. मैद्यात तंतू ३ ग्रॅमही भरत नाहीत. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा एक गरजेचा घटक कमी पडतो, तो उसळीतून मिळतो, म्हणजे भाकरी आणि उसळ एकमेकींची उणीव भरून काढतात. सांभाळायचं ते दोनच ठिकाणी. एण्णेगाईवर तरंगणारं तेल वाटीच्या कडेला निथळू द्यायचं, आणि वाढपी ‘इन्नोंदु रोट्टी?’ (अजून एक भाकरी?) म्हणत आला की पोट भरल्यावर ‘साकु’ (पुरे) म्हणायचं. दुसरं जास्त अवघड आहे, कारण तो विचारतो तोवर भाकरी ताटात पडलेली असते.

महामार्गावरच्या चकचकीत ढाब्यांपुरतं मेसेजवाल्याचं म्हणणं चुकीचं नाही. कोल्हापूर ते बेळगाव रस्त्यावर मलईचा रस्सा आणि लोण्याची रोटी असलेलीच पानं मेनूकार्डात आधी येतात. शिवाय बस कुठं थांबवायची ते ड्रायव्हर ठरवतो, आपण नाही. पण त्याच ठिकाणी उप्पीट, इडली, दहीभात, डाळ-भातही असतो. तो मागणाऱ्यालाच मिळतो, एवढंच.

‘बिस्किटं सुरक्षित, भाकरी शिळी होते.’ इथं तर हसावं की रडावं कळत नाही. ज्या भागात कडक भाकरी होते, त्या भागातल्या माणसाला हे सांगायचं? पीठ हातानं पापडासारखं पातळ थापतात, तव्यावर फडक्यानं दाबून दाबून दोन्ही बाजूंनी भाजतात, आतलं पाणी पार निघून जाईपर्यंत. मग चळत लावून कोरड्या फडक्यात बांधतात. पाणीच उरलं नाही तर बुरशी येणार कशावर? नीट ठेवली तर ही भाकरी कित्येक दिवस टिकते. सौंदत्तीला जाणाऱ्या गाड्यांतून ती पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहे, आणि आता घरी थापायला वेळ नसेल तर बेळगाव-हुबळीत पाकिटातून विकतही मिळते. तुकडे होतात, खरं आहे. होऊ देत. दह्यात चुरून तशीही तीच खायची असते.

आता बिस्किटाचा पुडा उलटा करा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, हा आपल्याकडचा नियम आहे. ‘डायजेस्टिव’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांवरही पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं, म्हणजे बहुधा मैद्याचं, असतं. मागोमाग पामतेल आणि साखर येते. कोंडा कुठंतरी खाली. ‘फायबर’ हा शब्द पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात.

शेंगाचटणीही अशीच कमी लेखली जाते. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे तेवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे दोन-तीन चमचे चटणी आणि दही एवढ्यावर भाकरीचं जेवण उभं राहतं. ब्लडप्रेशरवाल्यांनी तिच्यातलं मीठ घरीच कमी करून घ्यावं. सोबत पेरू, केळी, फुटाणे. असलं सामान पिशवीत असणं आपल्या भागात तसंही शहाणपणाचं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बस अचानक बंद होतात. डिसेंबर २०२२ मध्ये झालंच होतं. सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं ताटकळताना कुणाचं डाएट आणि कुणाचं काय.

इडलीबद्दल. तांदूळ जास्त आणि उडीद कमी असतो, त्यामुळं साखर भराभर चढते, हे मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवायलाच हवं. त्यांनी दोन इडल्या, वाटीभर डाळीदार सांबार आणि वर एखादं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे असा हिशेब ठेवावा. पण म्हणून सगळ्यांनी इडली सोडून बिस्किटं खायची म्हणजे आगीतून फुफाट्यात. इडली वाफेवर शिजते, तेल जवळजवळ नाही, आणि समोर गरम उतरलेली असेल तर पोट बिघडायचा धोकाही कमी. धोका असतो तो ओल्या खोबऱ्याच्या चटणीचा. सकाळी वाटलेली ती चटणी दुपारच्या उन्हात तशीच उघड्या भांड्यात असते. मी दुपारनंतर सांबारावर भागवते. आणि इडलीशेजारी ‘असू दे एक’ म्हणून येणारा वडा हा वेगळा पदार्थ आहे, इडलीच्या नावावर खपवू नये.

‘प्रवासाआधी उपाशी राहा.’ चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटातल्या वळणांवर ज्यांना उलटी होते, त्यांना हा सल्ला पटकन पटतो. पण रिकाम्या पोटी मळमळ उलट वाढू शकते. निघायच्या तासभर आधी थोडं कोरडं, तेलकट नसलेलं खावं, पुढच्या सीटवर बसावं, मोबाइल खाली ठेवून लांबवर रस्त्याकडं बघावं. आल्याची वडी काहींना उपयोगी पडते. गोळी घ्यायची तर ती निघण्याआधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नव्हे.

आणि एक गोष्ट जरा मोठ्या आवाजात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यानं औषध घेऊन जेवण टाळलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणं भरकटतं, आणि शेजारच्या सीटवरच्याला वाटतं म्हातारबांना झोप आली. अशांच्या खिशात ग्लुकोज किंवा साखर हवीच. काकांना हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एवढा विचार व्हावा.

पाण्याचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण त्यामागं खरी अडचण आहे आणि मेसेज तिच्याकडं बघतच नाही. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत ते नियम म्हणून नाही, वाटेत जायचं कुठं म्हणून. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमधून तिथल्या रहिवासी बायकांना भाडं द्यावं लागत नाही, त्यामुळं यल्लम्माला, माहेरी, दवाखान्याला जाणाऱ्या बायकांनी बस भरून वाहतात. त्यातल्या किती जणी सकाळपासून घोटभर पाण्यावर असतात ते त्यांच्या सुकलेल्या ओठांवर दिसतं. परिणाम ठरलेले आहेत. डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ होते. आणि तहान व भूक यांत गल्लत होऊन हात चिवड्याच्या पाकिटाकडं जातो तो वेगळाच.

मग करायचं काय? पाणी तोडायचं नाही, त्याची वेळ बदलायची. निघायच्या दोन तास आधी पोटभर प्यावं, निघताना मोकळं होऊन यावं, मग वाटेत घोट-घोट. तालुक्याच्या बसस्थानकावर गाडी लागली की गरज वाटो न वाटो, उतरायचंच. बस निघण्याआधी कंडक्टरला सांगून ठेवलं तर बहुतेक जण थांबतात. ‘स्वल्प निल्लिसी’ (जरा थांबवा) म्हणायला लाज कसली? लघवीचा रंग फिका पिवळा असेल तर पाणी पुरतंय, गडद झाला तर नाही. किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तोच हिशेब चालेल.

कुंदा-करदंटाचं ‘नैसर्गिक’ प्रमाणपत्र थोडक्यात निकालात काढू. कुंदा म्हणजे दूध, खवा आणि साखर, लालसर होईपर्यंत आटवलेलं. गोकाकच्या करदंटात डिंक आणि सुका मेवा असतो हे खरं, पण त्याला धरून ठेवणारा गूळ शरीराच्या दृष्टीनं साखरच. पाहुण्यांसाठी घेतलेला डबा गाडीत फोडू नये, एवढा नियम पुरे. पाहुण्यांकडं पोचल्यावर एक तुकडा खावा आणि खुशीत खावा.

उसाच्या रसाचं प्रकरण मोठं आहे. आमचा बेळगाव जिल्हा उसाचा, त्यामुळं त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे घरभेदीपणा. तरीही: रसात साधारण १३ ते १५ टक्के साखर असते. २०० मिलिलिटरच्या ग्लासात ती २५ ग्रॅमच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात जेवढी साखर असावी म्हणते, त्यातली कडक मर्यादा साधारण तेवढीच आहे, आणि त्यात चहा अजून मोजलेला नाही. तहान भागवायला शहाळं बरं, नाहीतर मीठ घातलेलं ताक.

व्यायामाच्या धमकीकडं येऊ. ‘आठवडा बुडाला की मेहनत गेली.’ नाही जात. कमावलेली ताकद दोन-तीन आठवड्यांच्या खंडानंतरही बरीचशी टिकते. दम आधी कमी होतो, पण तोही चार दिवसांत नाही. मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल पुरेशी मानली आहे, आणि ती जिममध्येच झाली पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. रोज बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फेऱ्या मारणारे आमचे कितीतरी लोक पुण्याला लेकीकडं गेले की आठ-आठ दिवस सोफ्यावरून उठत नाहीत. कारण काय, तर ‘इथं मैदान नाही’. आणि ज्या भागात तालमी आहेत, तिथल्या माणसानं लॉजमध्ये जिम नाही म्हणून कुरकुर करावी हे तर फारच झालं. जोर-बैठकांना एका सतरंजीएवढी जागा लागते.

खरी चिंता व्यायाम बुडण्याची नसून बसून राहण्याची असते, आणि तिच्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. बेळगाव ते बंगळूर रस्त्यानं ५०० किलोमीटरच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये मांडलेल्या संशोधनानुसार विमान असो, रेल्वे, बस की मोटार, चार तासांहून जास्त वेळ जागचं न हलता प्रवास केला की शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट होऊनही धोका लहानच, सहा हजारांत एखाद्याला, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. पण पोटरीचे स्नायू आकसले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, ते बसून राहिल्यावर मंदावतं, हे समजून घ्यावं. तासातून एकदा टाचा वर-खाली कराव्यात, पावलं फिरवावीत. राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालता तरी येतं. बसमध्ये ती सोय नाही, म्हणून थांब्यावर चहाच्या रांगेत उभं राहण्याऐवजी बसभोवती फेऱ्या माराव्यात. नुकतं ऑपरेशन झालेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि पूर्वी गाठ होऊन गेलेल्यांनी लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांना विचारावं. प्रवासानंतर एकच पाय सुजून दुखायला लागला तर तेल चोळत बसू नये, दवाखाना गाठावा.

राहता राहिलं लिंबूपाण्याचं ‘धुणं’. धुण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बिनबोभाट करत असतात, त्यांना लिंबाची वाट बघावी लागत नाही. तीन दिवस उपाशी राहिल्यानं काटा खाली येतो तो मुख्यतः पाण्यामुळं, आणि चौथ्या दिवशी माणूस पोळ्यांच्या डब्यावर तुटून पडतो. परतल्यावर काटा वर दिसतो तोही बहुतांशी तसाच. बाहेरच्या जेवणातलं मीठ पाणी धरून ठेवतं, पिष्टमय पदार्थांची साठवण आपल्यासोबत तिप्पट पाणी साठवते, आणि पोट साफ झालेलं नसतं. एक किलो चरबी चढायला सुमारे ७,७०० जादा कॅलरी लागतात. चार दिवसांच्या लग्नात दोन किलो खरी चरबी चढवायची तर रोज नेहमीच्या खाण्याव्यतिरिक्त ३,८५० कॅलरी पोटात जायला हव्यात. पंगतीत कितीही आग्रह झाला तरी एवढं जमणं कठीण. तेव्हा आल्या आल्या काट्यावर उभं राहू नका. दुसऱ्या दिवसापासून नेहमीची भाजी-भाकरी, नेहमीचं चालणं सुरू करा, आणि वजन करायचंच असेल तर आठवड्यानं, सकाळी, पोट साफ झाल्यावर.