रात्र वेगळी मोजतात म्हणे!

परवा समोरच्या मावशी फोन हातात घेऊनच दारात आल्या. त्यांच्या भाच्याला सत्र न्यायालयाने ७ वर्षे सक्तमजुरी सुनावली, त्याला आता ४१ दिवस झाले. "अरे, साडेतीन वर्षांत येईल ना तो?" हा हिशोब कुठून आणला, तर व्हॉट्सॲपवरून. 'जेलमध्ये दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात, म्हणून शिक्षा निम्म्यात संपते. जन्मठेप म्हणजे १४ वर्षे. दंड भरला की जेल टळते. अपील केलं की शिक्षा थांबते. फाशीचा दोर तुटला तर माणूस सुटतो.' खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'.

कसलं डोंबलाचं जनहित! शिक्षा झाली की कोर्टातून कारागृह अधीक्षकाच्या नावे वॉरंट निघतं आणि ते कैद्याबरोबरच जेलला जातं. त्यावर कलम, मुदत, दंड असं सगळं असतं. त्यावरून जेलचं ऑफिस सुटकेची तारीख काढतं, आणि ती तारखेपासून तारखेपर्यंतच मोजतात. वर्ष म्हणजे काय, हेही १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये लिहिलेलं आहे: ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे धरलेलं वर्ष. आपल्या भिंतीवर टांगलेलं तेच. रात्र वेगळी धरायची, तर उद्या घरमालकाने दर पंधरा दिवसांनी महिन्याचं भाडं मागितलं तर द्याल का?

आता एक कबूल करायलाच हवं. ७ वर्षांची शिक्षा झालेला माणूस त्याआधीच गावात दिसतो, हे खरं आहे. निकालाआधी कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. शिवाय काम आणि चांगली वर्तणूक पाहून जेलच्या नियमांप्रमाणे माफीचे दिवस मिळतात. वागणूक बिघडली तर मिळालेली माफी जातेही. लोकांनी सुटलेला माणूस पाहिला आणि गणित स्वतःच रचलं.

माझा संताप वेगळ्याच कारणाने आहे. 'निम्म्यात सुटेल' या भरवशावर घरच्यांनी अजून अपीलच केलेलं नाही. उच्च न्यायालयात त्यासाठी मुदत ६० दिवसांची. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण द्यावं लागतं. फॉरवर्ड वाचून थांबलो होतो, हे न्यायमूर्तींना कोण सांगणार?

जन्मठेपेचं तर आपल्याच राज्यातलं प्रकरण आहे. गांधीहत्या खटल्यात जन्मठेप झालेला गोपाळ गोडसे माफीचे दिवस धरून आपली शिक्षा पुरी झाल्याचं सांगत सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६१ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केलं, की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. आधी सोडायचं तर तो अधिकार सरकारचा. तो सुटला १९६४ मध्ये, सरकारने सोडलं म्हणून. मग १४ आले कुठून? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला सरकारही प्रत्यक्ष १४ वर्षे भरल्याशिवाय माफी देऊन सोडू शकत नाही. १९७८ मध्ये आलेली ही अट नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही (फौजदारी खटले कसे चालवायचे, ते सांगणारा कायदा), कलम ४७५ मध्ये, आहे. १४ वर्षे झाली की दार उघडतं, असं त्यात कुठेही नाही.

बाकीचं पटकन. भाच्याच्या निकालात '७ वर्षे *आणि* १० हजार दंड, न भरल्यास आणखी ६ महिने' असं आहे. दंड भरून ते ६ महिने वाचतील, ७ वर्षे तशीच. अपील दाखल झालं म्हणून शिक्षा थांबत नाही. स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज करून तो मंजूर व्हावा लागतो. आणि फाशीच्या आदेशातच 'मरेपर्यंत' हा शब्द असतो, दोराचं काय घेऊन बसलात!

निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते. कैद्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही फुकट मिळतो, आणि जेलमधूनच अधीक्षकामार्फत अपील पाठवता येतं. यातलं एक अक्षर त्या फॉरवर्डमध्ये नव्हतं. सोमवारी मी मावशींना घेऊन प्राधिकरणाच्या ऑफिसात जातोय. ज्याने तो मेसेज पाठवला, त्याने साडेदहाला कोर्टाच्या गेटपाशी यावं आणि रात्रीचा हिशोब तिथे समजावून सांगावा.