फुंकरीचे नव्वद पौंड

विजेच्या भाषेत ओपन म्हणजे काय, ते मला माहीत आहे: जोडणी तुटलेली. पुण्यात चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकलोय. पासोड्या विठोबापाशी घासाघीस करून घेतलेला मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं मीटर, इथं इंग्लंडात लीड्सपर्यंत आणून जपलाय. (लीड्समध्ये राहून मीटरच्या लीड्स, म्हणजे वायरी, वेळेवर सापडत नाहीत, हा विनोद मी घरात दहा वर्षं करतोय. आता कुणी हसत नाही.) तरी परवा माझ्याच स्वयंपाकघरात, सासऱ्यांदेखत, एक मनुष्य मला म्हणाला, "दॅट्स ओपन, मेट."

झालं होतं एवढंच, की ऐन संक्रांतीत घर आणि पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर रुसला. बाहेर दोन अंश. आत पंखा घरघरतोय, ठिणगी काही पडत नाही, मग लाल दिवा. मी लगेच ओळखलं, एअर प्रेशर स्विच. बशीएवढी प्लास्टिकची डबी, आत पातळ पडदा, बाहेर दोन रबरी नळ्या. पंखा जळका वायू धुराड्यातून खरंच बाहेर ढकलतोय की नुसताच फिरतोय, हे बघणं एवढंच तिचं काम. पडदा हलला की टिक् होतं, मगच ठिणगी. बॉयलर इतका संशयी, की पंखा लागण्याआधी स्विचनं 'हवा नाही' म्हटलं पाहिजे आणि लागल्यावर 'आहे'. आधीपासूनच 'आहे, आहे' करणाऱ्या स्विचसाठी तो पंखासुद्धा सुरू करत नाही. आमच्या ऑफिसात हा नियम लावला तर मीटिंगआधीच 'झालंच समजा' म्हणणारे निम्मे लोक घरी बसतील.

पुण्याच्या घरी न्हाणीघरात गॅस गीझर होता. दोन जाडे सेल घातले की भप्पकन पेटायचा, कुणाला काही विचारायचा नाही. तसल्या न्हाणीघरांत माणसं गुदमरल्याच्या बातम्या हिवाळ्यात पेपरात येतात, त्यामुळे या संशयी स्विचबद्दल वाईट बोलायची मला सोय नाही.

पण त्याला हात लावायचीही नाही. इथं गॅसच्या कामाला गॅस सेफ नोंदणीचाच माणूस लागतो. 2009पर्यंत या नोंदणीचं नाव कॉर्गी होतं, राणीच्या कुत्र्यांसारखं. कुत्रा गेला, चावणं राहिलं. फोन केला, तर मंगळवारी येतो म्हणाले, 'सकाळी आठ ते दुपारी एक'. म्हणजे सुट्टी माझी. दोन दिवस सगळे कानटोप्या घालून बसलो आणि सासऱ्यांच्या आंघोळीसाठी मी किटलीच्या सहा-सहा खेपा केल्या.

सासरे, म्हणजे अण्णा, कराडहून आलेत. वीज मंडळातून निवृत्त. मंडळाच्या 2005 साली कंपन्या झाल्या, पण अण्णा अजून 'बोर्डात होतो' असंच म्हणतात. त्यांचा मीटरवर विश्वास नाही. होल्डरमध्ये बल्ब, त्याला दोन वायरी, हा टेस्ट लॅम्प त्यांचं दैवत. "जावईबापू, मीटर खोटं बोलतं. दिवा बोलत नाही."

मंगळवारी पावणेएकला माणूस आला. झाकण काढलं, खिसे चाचपले आणि म्हणाला, मीटर मागच्या घरी राहिलं, तुमच्याकडे आहे का? आयुष्यात कुणी तरी हा प्रश्न विचारावा म्हणून मी एवढी वर्षं थांबलो होतो. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढून मीटर आणलं. चालू केलं. स्क्रीन कोरी. सेल मेलेला.

"कसला लागतो?" अण्णा.

"नऊ व्होल्टचा, चौकोनी."

मी ड्रॉवर उपसेपर्यंत अण्णा खुर्ची घेऊन जिन्याखाली गेले आणि छतावरच्या स्मोक अलार्ममधून सेल काढून घेऊन आले. बॉयलरवाल्या साहेबानं पाहिलं. काही बोलला नाही. मला वाटतं, तिथूनच त्यांचं जुळलं.

त्यानं बॉयलरची वीज बंद केली, स्विचच्या वायरी सुट्या केल्या. जोडणी असली की मीटर बीप करतं. आधी कॉमन आणि नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे हवा नसताना जुळलेली टोकं. बीप. छान. मग कॉमन आणि नॉर्मली ओपन, म्हणजे हवा आल्यावरच जुळणारी. आता नळीत फुंकलं की बीप यायला हवी. त्यानं नळी ओठांना लावली, फुंकर मारली आणि मला विचारलं, किती दाखवतंय?

स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात 1. फक्त 1.

"वन ओहम," मी म्हणालो, म्हणजे जोडणी पक्की. वर "पर्फेक्ट"ही म्हणालो.

स्वस्त मीटरवर डावीकडचा तो एकटा 1 म्हणजे एक नव्हे. जोडणीच नाही, असा त्याचा अर्थ. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. अजूनही माहीत आहे. त्यानं माझ्याकडे प्रेमानं पाहिलं आणि ते वाक्य उच्चारलं.

अण्णांना इंग्रजी येत नाही असा माझा समज होता. पण ओपन हा बोर्डातला शब्द. "ओपन आहे म्हणतोय तो," अण्णांनी मला मराठीत समजावलं. इतक्यात कुठून तरी 'टिक्' झालं. "लागली! कंटिन्यूटी लागली!" अण्णा ओरडले, म्हणजे जोडणी जुळली. तो सेल गेलेला स्मोक अलार्म होता. मेन्सवर चालतो, सेल काढला की मिनिटाभरानं रडतो. पुढची दहा मिनिटं दर मिनिटाला अण्णांची कंटिन्यूटी लागत होती.

"मी मारू का फुंकर?" अण्णा म्हणाले. अण्णा गणपतीत शंख वाजवतात. हा पडदा हलतो साधारण मिलिबारभर दाबानं, म्हणजे सेंटीमीटरभर उंच पाणी जेवढं दाबेल तेवढ्यानं. अण्णांच्या छातीपुढे तो फाटून शेजारच्या गल्लीत गेला असता. मी हे भाषांतर केलंच नाही.

साहेबानं नळी काढून थेट स्विचमध्ये हलकेच फुंकलं. टिक्, आणि बीप. स्विच ठणठणीत. दोष नळीत. तिनं पाण्याचा एक थेंब धरला होता. त्यानं नळी थर्मामीटरसारखी झटकली, परत लावली, वीज चालू केली. बॉयलर पेटला. एकूण वीस मिनिटं. नव्वद पौंड.

"नव्वद म्हणजे आपले किती?"

मी सांगितले. अण्णा बराच वेळ नळीकडे बघत राहिले. "आमच्या आईनं चाळीस वर्षं चुलीपाशी फुंकणी फुंकली. कुणी चहा विचारला नाही." मग त्यांनी साहेबाला तिळगूळ दिला, गोड बोलायला सांगितलं, आणि त्याचा खांदा थोपटला. माझा नाही.

खरं सांगतो, पैशांचं तितकं नाही. त्या नळीतला थेंब मीही झटकला असता. तेवढ्या झटक्यासाठी दोन दिवस थंडीत बसायचं, सुट्टी घालवायची, आणि शेवटी मीटर आपलं, सेल आपला, वर 'मेट'ही आपण. संध्याकाळी बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर अण्णांचा संदेश आला: 'जावईबापूंनी ओपनला वन म्हटले.' खाली हसऱ्या तोंडांची रांग. एका मेहुण्यानं तर मीटरचा फोटो मागवला.

काल अण्णांची बॅग भरली. मीटर दिसेना म्हणून विचारलं.

"मी घेतलंय," अण्णा म्हणाले. "तुम्हाला इथं हात लावू देत नाहीत. पडून राहील."

सेलसकट घेतलंय. जिन्यात अजून दर मिनिटाला टिक् होतंय.